साखर १६८ असताना किटोन का वाढले?

प्रश्न थोडक्यात असा. आईचे वय ५८, मधुमेह १४ वर्षांचा, अंगकाठी बारीक. रोज मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनची एक गोळी आणि रात्री १२ युनिट इन्सुलिन. नवरात्रात नऊ दिवसांचा कडक उपवास धरला: दिवसभर पाणी, संध्याकाळी आरती झाली की कपभर दूध. ‘जेवतच नाही तर इन्सुलिन कशाला’ म्हणून घटस्थापनेपासून रात्रीची सुई बंद केली, गोळ्या मात्र चालू ठेवल्या. पाचव्या दिवशी उलट्या, पोटात दुखणे आणि धाप. साखर १६८, यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी २८ म्हणजे नॉर्मल, आणि लघवीत किटोन (यकृत चरबीपासून बनवते ते इंधन) तीन प्लस, म्हणजे भरपूर. रुग्णालयात सलाइनमधून साखरही दिली आणि इन्सुलिनही दिले. दुसऱ्या दिवशी त्यांना बरे वाटू लागले, पण लघवीतले किटोन दाखवणारी पट्टी आदल्या दिवसापेक्षा गडद आली आणि घरचे पुन्हा घाबरले. आई आता घरी आहेत. मुलगी विचारते: लिव्हरची एन्झाइम्स नॉर्मल असताना लिव्हरने एवढे किटोन का बनवले? साखर बरी असताना हे झालेच कसे? आणि सुधारत असताना पट्टी का बिघडली?

तिन्ही प्रश्न बरोबर ठिकाणी बोट ठेवणारे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एसजीपीटी, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. रिपोर्टवर ‘लिव्हर एन्झाइम्स’ म्हणून जे आकडे येतात ते यकृताच्या पेशींतून रक्तात झिरपलेल्या एन्झाइम्सचे असतात. पेशींना सूज आली, इजा झाली की ती जास्त झिरपतात. विषाणूच्या काविळीत आकडा हजारांत जातो. म्हणजे तो आकडा भिंतीची ओल सांगतो, आत चूल पेटली आहे की नाही ते सांगत नाही. एसजीपीटीला स्वतःचे काम आहेच. उपाशीपोटी स्नायूंकडून आलेल्या ॲलनिन या अमिनो आम्लापासून साखर बनवण्याच्या वाटेवरचे पहिले पाऊल तेच टाकते. पण किटोन किती बनायचे हे ज्या एन्झाइम्सच्या हातात आहे ती पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे इंधन जाळणाऱ्या भट्टीच्या, दारात आणि आत बसलेली असतात. नेहमीच्या कुठल्याच रिपोर्टवर त्यांचे नाव नसते. तुमच्या आईंचे यकृत बिघडले नव्हते. त्याला मिळालेला हुकूम त्याने चोख पाळला. हुकूमच भलता होता.

हा हुकूम साखर देत नाही, इन्सुलिन देते. इन्सुलिन म्हणजे साखर कमी करणारे औषध, एवढीच त्याची ओळख घरोघरी झाली आहे आणि त्यातून असे प्रसंग घडतात. इन्सुलिनचे दुसरे काम म्हणजे चरबीवरचे कुलूप सांभाळणे, आणि माझ्या मते तेच जास्त जुने आणि जास्त महत्त्वाचे. या कुलपाला इन्सुलिन फार थोडे लागते. साखर स्नायूंत ढकलायला जेवढे लागते त्याच्या अंशभर. म्हणूनच टाइप २ मधुमेहात साखर ३०० असूनही सहसा किटोन वाढत नाहीत: साखर सांभाळायला इन्सुलिन अपुरे पडते, पण कुलपापुरते असते. तुमच्या आईंच्या बाबतीत ते कुलपापुरतेही उरले नाही.

आता वाट बघू. इन्सुलिन घटले की पोट-मांड्यांवरच्या चरबीच्या पेशींतली लायपेज एन्झाइम्स मोकळी होतात आणि साठवलेली चरबी फोडून मेदाम्ले रक्तात सोडतात. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून यकृतात येतात. इथे यकृतापुढे दोन वाटा असतात. मेदाम्ले पुन्हा चरबीत बांधून ठेवायची, किंवा मायटोकॉन्ड्रियात नेऊन जाळायची. लांब साखळीच्या मेदाम्लांना तिथे सरळ प्रवेश नसतो. दारात एक एन्झाइम आहे, कार्निटिन पामिटॉइल ट्रान्सफरेज-१, आम्ही बोलताना सीपीटी-१ म्हणतो. मेदाम्लाला कार्निटिनची जोड लावून तेच आत पाठवते. याला तुम्ही जकातनाका समजा.

नाका कोण बंद करते, हे कोडे १९७७ साली अमेरिकेत डॅलसला डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांच्या गटाने सोडवले. उत्तर होते मॅलोनिल-कोए (कोए म्हणजे कोएन्झाइम ए, असे तुकडे वाहून नेणारा रेणू). हा रेणू खरे तर उलट कामाचा: यकृत साखरेपासून नवी चरबी बनवायला घेते तेव्हा त्या बांधकामातली ही पहिली वीट. जेवण झाले, इन्सुलिन वाढले, की ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेज हे एन्झाइम जागे होते आणि मॅलोनिल-कोए तयार करते. ते सीपीटी-१ ला चिकटून नाका बंद करते. चरबी बांधायची वेळ असेल तेव्हा चरबी जाळायची नाही, हे एकाच रेणूने साधले. विद्यार्थिदशेत मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर थांबलो होतो, आणि अजूनही शिकवताना तिथे थांबतो. इन्सुलिन पडून ग्लुकागॉन (इन्सुलिनच्या उलट काम करणारे संप्रेरक) वाढले की हेच कार्बोक्झिलेज फॉस्फेट लावून झोपवले जाते, मॅलोनिल-कोए संपते आणि नाका उघडतो. याला दिवस लागत नाहीत. काही तासांतच चित्र पालटते.

आत गेलेली मेदाम्ले दोन-दोन कार्बनांनी तुटत जातात आणि ॲसिटिल-कोएचा, म्हणजे कोएला जोडलेल्या या तुकड्यांचा, ढीग होतो. एरवी हे तुकडे ऑक्झॅलोॲसिटेट या रेणूला जोडले जाऊन सायट्रिक आम्लाच्या चक्रात जळतात. पण उपाशीपोटी यकृत त्याच ऑक्झॅलोॲसिटेटमधून साखर बनवायला बसलेले असते, त्यामुळे ते हाताशी कमी उरते. शिवाय यकृताची स्वतःची ऊर्जेची गरज मेदाम्ले तुटतानाच बरीचशी भागलेली असते. मग हे तुकडे जायचे कुठे? कोए तर मोकळे झाले पाहिजे, नाहीतर पुढची मेदाम्ले तुटणारच नाहीत.

इथे ज्या एन्झाइमचा तुमचा प्रश्न आहे ते येते: मायटोकॉन्ड्रियातले एचएमजी-कोए सिंथेज, क्रमांक २ चे. दोन ॲसिटिल-कोए जोडून आधी ॲसिटोॲसिटिल-कोए होते. त्याला तिसरा तुकडा जोडून हे सिंथेज एचएमजी-कोए बनवते. मग लायेज हे एन्झाइम त्याची फोड करून ॲसिटोॲसिटेट, म्हणजे पहिला किटोन, काढते आणि एक ॲसिटिल-कोए परत देते. या साऱ्या रांगेत सर्वांत धिम्या चालीचे, म्हणजेच वेग ठरवणारे, हे सिंथेज. सीपीटी-१ माल किती आत येणार ते ठरवते, हे सिंथेज त्यातून किटोन किती निघणार ते ठरवते.

त्यावर ताबा तीन तऱ्हांनी चालतो आणि तिन्हींचा वेग वेगळा असतो. सर्वांत जलद तऱ्हा रासायनिक आहे: सक्सिनिल-कोए हा चक्रातलाच एक रेणू या एन्झाइमला चिकटून त्याला मंद करतो. ग्लुकागॉन वाढले की सक्सिनिल-कोए कमी होते आणि एन्झाइम सुटे होते. दुसरी तऱ्हा सर्टुइन कुळातल्या एन्झाइम्सची. सर्टुइन-३ त्यावर लागलेले ॲसिटिल गट काढते, सर्टुइन-५ सक्सिनिल गट काढते, आणि घासून लख्ख केलेल्या सुरीसारखे ते चालू लागते. तिसरी तऱ्हा सर्वांत हळू आणि सर्वांत टिकाऊ: एन्झाइमची संख्याच वाढवणे. पीपार-अल्फा नावाचे एक प्रथिन पेशीच्या केंद्रकात बसून या सिंथेजच्या जनुकाला चालना देते, आणि पीपार-अल्फाला जागे करणारी खूण म्हणजे आत येणारी मेदाम्लेच. म्हणजे माल येऊ लागला की मालच कामगार बोलावून घेतो. इन्सुलिन या जनुकावर दाब ठेवून असते. तो दाब गेला की काही तासांपासून दिवसांपर्यंत एन्झाइमचा साठा वाढत राहतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या उपवासाचे किटोन आणि पाचव्या दिवसाचे किटोन यांत एवढा फरक असतो. तुमच्या आईंना पाचव्या दिवशी गाठले ते याचमुळे. पाच दिवसांत त्यांच्या यकृतात या एन्झाइमची फौज उभी राहिली होती.

(जाता जाता: पेशीद्रवात याच नावाचे दुसरे सिंथेज असते, क्रमांक १ चे. त्यातून निघणारे एचएमजी-कोए कोलेस्टेरॉलकडे जाते आणि स्टॅटिनची गोळी त्या वाटेवरच्या पुढच्या एन्झाइमला अडवते. स्टॅटिनचा किटोनशी संबंध जोडणारे प्रश्न मला वारंवार येतात. नाव एक असले तरी घरे वेगळी आहेत.)

आता पट्टीचे कोडे. ॲसिटोॲसिटेट तयार झाले की त्याचा बराच भाग बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट डीहायड्रोजनेज हे एन्झाइम बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटमध्ये बदलते. हे एन्झाइम दोन्ही दिशांनी चालते. कोणत्या दिशेने, ते मायटोकॉन्ड्रियात एनएडीएच (इंधन जळताना तयार होणारा, ऊर्जा वाहणारा रेणू) किती साठले आहे यावर ठरते. मेदाम्ले धडाधड जळत असतील तर एनएडीएच वाढते आणि पारडे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटकडे झुकते. निरोगी माणसात दोघांचे प्रमाण साधारण सारखे असते. किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे किटोन वाढून रक्त आम्ल होते त्या अवस्थेत, ते तीनास एक किंवा त्याहून बरेच पुढे जाते. दारूमुळे होणाऱ्या किटोॲसिडोसिसमध्ये तर आणखी, कारण दारू जळतानाच एनएडीएचचा पूर येतो. थोडे ॲसिटोॲसिटेट आपोआप मोडून ॲसिटोन होते. श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो तो त्याचा.

लघवीची पट्टी फक्त ॲसिटोॲसिटेट ओळखते, ॲसिटोन थोडेसे, आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट अजिबात नाही. जुनी रोथेराची चाचणीही तशीच. आमच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये परीक्षानळीत पाचेक मिलि लघवी घेऊन अमोनियम सल्फेटचे खडे विरघळेनासे होईपर्यंत घालायचे, नायट्रोप्रुसाइडचा एक स्फटिक टाकून हलवायचे, आणि मग नळी तिरकी धरून कडेने अलगद अमोनिया सोडायचा. दोन थरांच्या मध्ये परमँगनेटसारखी जांभळी कडी उमटायची. अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचे आणि तरी सगळे कडी बघायला वाकलेले असायचे. त्या कडीचा अर्थ मात्र मला पुढे वॉर्डात कळला.

मी रेसिडेंट होतो. किटोॲसिडोसिसची एक तरुण रुग्ण. इन्सुलिन सुरू होते, धाप कमी झाली होती, ती पाणी मागत होती. मी दर सहा तासांनी पट्टी बुडवत होतो आणि पट्टी गडद होत चालली होती. पहाटे मी इन्सुलिनचा वेग वाढवला. सकाळी वरिष्ठ आले, त्यांनी पट्टीकडे पाहिलेही नाही. श्वास मोजले, रक्तातले बायकार्बोनेट (आम्लाचा भार किती उतरला ते सांगणारा आकडा) पाहिले आणि वेग पुन्हा खाली आणला. तोवर तिची साखर ७० च्या आत आली होती. झाले होते असे: उपचाराने एनएडीएच ओसरले, डीहायड्रोजनेज उलट दिशेने चालू लागले, आणि न दिसणारे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट दिसणाऱ्या ॲसिटोॲसिटेटमध्ये बदलू लागले. एकूण किटोन उतरत होते, जांभळा रंग चढत होता. तुमच्या आईंच्या दुसऱ्या दिवशीच्या पट्टीचेही हेच कारण. ती सुधारणेची खूण होती, आणि तुम्हाला कोणी तसे सांगायला हवे होते. आता बोटाच्या थेंबातून थेट बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजणारे मीटर मिळतात. उपचार लागू पडतो आहे का हे बघायला तेच वापरावे.

एवढे किटोन बनवणाऱ्या यकृताला त्यातला एकही वापरता येत नाही. किटोन पुन्हा जाळायला जे ट्रान्सफरेज लागते ते यकृतात जवळजवळ नसतेच. मेंदू, हृदय, स्नायू, मूत्रपिंड यांत असते. वाढपी पंगतीत बसत नाही तसे. म्हणूनच सगळे किटोन बाहेर जातात. आणि ही सोय मुळात मेंदूसाठी आहे. मेंदूला दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, यकृतातला ग्लायकोजेनचा साठा सुमारे एका दिवसात आटतो, आणि सगळी साखर स्नायू वितळवून बनवायची तर माणूस काही आठवड्यांत संपेल. १९६७ मध्ये बोस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटाने पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारे आणि मेंदूतून परतणारे रक्त तपासले आणि दाखवले की मेंदूचे मुख्य इंधन आता किटोन झाले आहेत. तोवर मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो असेच शिकवले जाई. नवजात बाळातही हीच एन्झाइम्स जन्मानंतर लगेच वाढतात, कारण आईच्या दुधात चरबी भरपूर असते. किटोन म्हणजे विष ही समजूत म्हणून चुकीची आहे. निरोगी माणसाच्या लांबलेल्या उपवासात रक्तातले किटोन पाच-सात मिलिमोलपर्यंत जाऊन तिथेच थांबतात, कारण किटोन स्वतः स्वादुपिंडाला चिमटा काढून थोडे इन्सुलिन सोडवतात आणि ते कुलूप अर्धवट लावते. मधुमेहात स्वादुपिंड तो चिमटा ऐकत नाही. तिथे आकडा १५-२० च्या पुढे जातो आणि रक्त आम्ल होते.

मग साखर १६८ च का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर काढतात. जेवत्या माणसात दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. औषधे उत्तम आहेत, हृदय आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा सिद्ध झालेला आहे, आणि मी ती रोज लिहितो. पण साखर लघवीतून गेली की स्वादुपिंडाला वाटते गरज नाही, इन्सुलिन आणखी खाली येते, ग्लुकागॉन वर जाते, आणि यकृताला ‘उपासमार आहे’ हाच निरोप पोचतो. त्यात पोट खरोखरच रिकामे, आणि बाहेरून मिळणारे १२ युनिटही बंद. कार्बोक्झिलेज झोपले, मॅलोनिल-कोए संपले, नाका उघडला, सिंथेजची फौज उभी राहिली. साखर मात्र गोळीने लघवीतून काढून टाकल्यामुळे वाढलीच नाही, आणि धोक्याची घंटा म्हणून आपण जो आकडा बघतो तो गप्प राहिला. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांबाबत पहिला इशारा मे २०१५ मध्ये दिला तो याच कारणाने. रुग्णालयात साखर आणि इन्सुलिन दोन्ही दिले हे तुम्हाला विचित्र वाटले. कुलूप लावायला इन्सुलिन हवेच होते, आणि ते पुरेसे देता यावे म्हणून साखर दिली. उपचार अगदी बरोबर झाले.

आता उपवासाचे. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते या एन्झाइम्सच्या दृष्टीने शब्दशः खरे आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळे, बटाट्याचा कीस यांत पिष्ट इतके असते की इन्सुलिन चढते, मॅलोनिल-कोए नाक्यावर हजर होते आणि किटोन बनत नाहीत. मधुमेहात अशा फराळाने साखर वाढते, पण आईंना जे झाले ते त्याने झाले नसते. धोका कडक उपवासाचा होता. खोबरेल तेलाने किटोन वाढतात असे सांगणारेही भेटतील. आठ-दहा कार्बनांची आखूड मेदाम्ले नाक्याला वळसा घालून आत जातात हे खरे, पण खोबरेलात ती थोडीच असतात.

याच्या उलट बाजूचा एक मुद्दा डॉक्टर वाचकांसाठी. उपाशी किंवा तापाने जेवण टाकलेले मूल ग्लानीत आले, साखर ४० आणि किटोन मात्र नाहीत, तर थांबून विचार करा. साखर एवढी पडलेली असताना किटोन नसणे ही नैसर्गिक गोष्ट नाही. एकतर इन्सुलिन जास्त आहे, किंवा सीपीटी-१, मेदाम्ले तोडणारी एन्झाइम्स, सिंथेज, लायेज यांपैकी काही जन्मतःच नादुरुस्त आहे. ग्लुकोज सुरू करण्याआधीच्या रक्ताचा एक नमुना बाजूला काढून ठेवला तर निदान हाती लागते. नंतर ते निसटते.

तुमच्या आईंसाठी नेमके सांगायचे तर: डापाग्लिफ्लोझिनची गोळी त्यांना पुन्हा सुरू करू नये असे माझे मत आहे. अंगकाठी बारीक, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू, आणि एकदा हे होऊन गेलेले. त्यांच्या डॉक्टरांना सी-पेप्टाइड तपासायला सांगा, म्हणजे स्वादुपिंडात स्वतःचे इन्सुलिन किती उरले ते कळेल. रात्रीचे इन्सुलिन जेवण कमी असेल तेव्हा डॉक्टरांना विचारून कमी करता येते, शून्य करता येत नाही. घरात अजून कोणी ग्लिफ्लोझिन घेत असेल तर ठरवलेल्या शस्त्रक्रियेआधी किंवा कडक उपवासाआधी ती किमान तीन दिवस बंद ठेवायची असते, तीही डॉक्टरांशी बोलून. आणि जुलाब-उलट्या लागल्या, जेवण सुटले तर त्याच दिवशी. अशा माणसाला मळमळ, पोटदुखी, धाप किंवा विलक्षण थकवा आला तर साखरेचा आकडा काहीही असो, रक्तातले किटोन तपासा. ०.६ मिलिमोलच्या आत ठीक, १.५ च्या पुढे लगेच डॉक्टरांना फोन, ३ च्या पुढे सरळ रुग्णालय. तिथे पोचल्यावर गोळीचे नाव पहिल्या वाक्यात सांगा. साखर १६८ पाहून ॲसिडिटी समजून घरी पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

पुढच्या नवरात्राबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण आई विचारतील. नऊ दिवसांऐवजी उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस, तोही दर तीन-चार तासांनी थोडा फराळ घेऊन आणि इन्सुलिन चालू ठेवून, असे माझ्या अनेक रुग्ण बायका करतात. श्रावण संपायच्या आत त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, म्हणजे डोस आधीच ठरवता येतील.